काट मारलेली खुर्ची

सोन्ने सरांनी चष्मा काढला की आमच्या छपाई विभागात सगळे हातातलं काम थांबवून बघायचे. चष्मा लावून ते नमुना वाचत बसले असले तर काळजी नसे. फार तर एखादी वेलांटी इकडची तिकडे झालेली सापडे. पण एकदा चष्मा खिशात गेला, की ते नळाच्या पिंपाजवळ जाऊन हात कोपरापर्यंत ओले करायचे, साबण चोळायचे, आणि तशाच बुळबुळीत हातांनी पाकीट उचलून डोळे बारीक करून बघायचे.

"गिऱ्हाईक काय चष्मा घालून न्हाणीत जातं का?" असं त्यांचं म्हणणं. "एका हातात रडतं लेकरू असतंय, दुसऱ्या हातात पाकीट. तेवढ्यात दिसलं तर दिसलं."

वाळूजच्या त्या कारखान्यात आम्ही पाकिटं छापायचो. बिस्किटांची, शेवयांची, शाम्पूची, आणि पुढे पुढे वाइप्सची. म्हणजे एक ओढला की दुसरा वर डोकावणाऱ्या त्या ओलसर, वासाच्या रुमालांची. मी चित्रं आणि अक्षरं मांडायची, सरांनी तपासायची. पाकिटावर काय असावं, कुठे असावं, केवढं असावं याचे नियम त्यांना तोंडपाठ होते. माणूस काटक, उन्हानं करपलेला, आणि भर मे महिन्यातही शर्टाचं वरचं बटण लावलेला. घर मूळचं फुलंब्रीकडचं, मेंढरं राखणारं. ते त्यांनी कधी लपवलं नाही. उलट धंद्यातच आणलं. छपाई चुकलेलं पाकीट चांगल्या मालात मिसळू नये म्हणून त्याचा कोपरा कात्रीनं तिरका उडवायचा, ही पद्धत त्यांची. मेंढराच्या कानाला ओळखीसाठी काप देतात, तशी. "कान कापा हिचा," असं सर म्हणाले की ते पाकीट गेलंच. नुसता शाईचा ठिपका असला तरी गेलं. मशीनवरच्या पोरांनी त्यांचं नाव 'कानकापे' ठेवलं होतं. सरांना ते माहीत होतं आणि मला वाटतं, मनातून आवडतही होतं.

ठिपक्यासाठी एवढं कशाला, असं कुणी म्हटलं की त्यांचं उत्तर ठरलेलं. "पाकीट बोलतं तेवढंच बोलतं. त्याच्या मागं मागं समजावून सांगायला आपण कुणाच्या घरी जात नाय."

परदेशी जाणाऱ्या वाइप्सची पहिली मोठी ऑर्डर आली तेव्हाची गोष्ट. हे रुमाल संडासात टाकू नयेत, अशी चित्रखूण पाकिटावर हवीच, असा तिकडचा नियम. एक माणूस कमोडमध्ये रुमाल टाकतोय, आणि त्यावर तिरकी काट. खूण केवढी, रेघ किती जाड, मागचा रंग कोणता, सगळं ठरलेलं. आणि मुख्य म्हणजे रुमाल ओढताना ती डोळ्यांसमोर आली पाहिजे. आम्ही माप धरून सगळं केलं. माल छापून झाला, वरची चिकट झाकणं लागली, खोकी भरायला घेतली, आणि सर ओले हात घेऊन आले. त्यांनी एका पाकिटाचं झाकण उघडून मागे दुमडलं. दुमडलेलं झाकण नेमकं खुणेवर जाऊन बसलं. बंद पाकिटावर दिसणारी खूण रुमाल काढायच्या वेळी गायब होत होती.

मालक धावत खाली आले. "अहो सोन्ने, पाकीट बंद असताना दिसतेय ना? कोण एवढं बघतंय तिकडं?"

"तिकडं बघत्यात, साहेब," सर म्हणाले. "बघत नाय ते इकडं."

आणि त्यांनी कात्र्या मागवल्या. ती अख्खी पाळी आम्ही पाकिटांचे कान कापत बसलो. मालक कितीतरी दिवस त्यांच्याशी धड बोलले नाहीत. पण माल परत आला असता तर कारखान्याला टाळं लागलं असतं, हे त्यांनाही कळत होतं. पुढच्या दिवाळीत सरांना मिठाईचा डबा इतरांपेक्षा मोठा मिळाला.

इकडं बघत नाहीत, हे त्यांनी उगाच म्हटलं नव्हतं. तेच रुमाल, त्याच यंत्रातले, आपल्याकडच्या दुकानांसाठी दुसऱ्या पाकिटात जायचे. त्यावर हसरं बाळ, गुलाबाची फुलं, आणि मागच्या अंगाला मुंगीएवढ्या इंग्रजीत 'योग्य विल्हेवाट लावा' एवढंच. खुणेचा पत्ता नाही. इकडच्या मालाला ती घालायचं बंधन आपल्यावर नाही, असं मालक सांगायचे, आणि विषय तिथे संपायचा.

सरांच्या बाबतीत तो संपला नाही, कारण त्यांची आक्का.

गिरजाआक्का ही त्यांची थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हा हिनं मेंढरांमागे हिंडून भावाला शाळेत ठेवलं. तरुणपणीच नवरा गेला, मूलबाळ नाही. आयुष्य सगळं या रानातून त्या रानात. सर नोकरीत स्थिर झाल्यावर त्यांनी आधी स्वतःसाठी काही न करता बायपासच्या पलीकडे गुंठेवारीत तिच्यासाठी दोन खोल्या बांधल्या. शहर तेव्हा बायपास ओलांडून सुसाट सुटलं होतं. काल ज्वारी होती तिथे आज घरांची रांग. स्वतः ते मग बायकोला घेऊन एका फ्लॅटात राहायला गेले. "आक्का भिंतीला हात लावून झोपती," असं ते मला एकदा सांगत होते. "तिला वाटतं, रात्रीतून कुणी उचलून नेईल भिंत." सांगताना हसत होते, आणि डोळे भरलेले होते.

मी पहिल्यांदा तिथे गेले ती त्यांच्याबरोबर, एका सुट्टीच्या दिवशी जेवायला. आक्कानं भाकरी आणि ठेचा वाढला आणि मी दुसरी भाकरी नको म्हटल्यावर भावाला दम भरला, "कामून रं, पोरीला हापिसात उपाशी ठेवतो का काय?" आमचे कानकापे सर खाली मान घालून जेवत होते. मला ते दृश्य फार आवडलं.

घराची एक अडचण होती. गल्ली उताराची, आणि आक्काचं घर उताराच्या शेवटी. वरच्या सगळ्या घरांचं घाणपाणी ज्या पाइपातून पुढे जायचं, तो पाइप आक्काच्या अंगणातून गेलेला. आणि त्याच अंगणात जमिनीखाली हौद. टँकर आला की त्यात पाणी सोडायचं, आणि पुढचा टँकर येईपर्यंत तेवढ्यावर निभवायचं.

त्या वर्षांत पाऊस एकामागून एक दगा देत होता. टँकर आज येतो, उद्या येतो, असं चाललेलं. अशा दिवसांत ओले रुमाल खपले नाहीत तरच नवल. बाळं त्यानंच पुसली जायची, अंथरुणाला खिळलेली म्हातारी माणसं त्यानंच. दुकानादुकानात छोट्या पाकिटांच्या माळा लटकायच्या. वापरलेला रुमाल घाण. तो दारात ठेवायचा कसा? घंटागाडी त्या कच्च्या गल्लीत शिरायची नाही. मग बायका तो संडासात टाकून वर भांडी विसळलेलं तांब्याभर पाणी ओतायच्या. तेवढ्या पाण्यानं रुमाल नजरेआड व्हायचा, पण पाइपात अडकून बसायचा.

आक्काच्या अंगणातला पाइप पहिल्यांदा तुंबला तेव्हा माणसांनी बांबूच्या कामट्या घालून आतून करडा, लांबलचक दोर ओढून काढला. सर तिथेच होते. आक्का भावाला म्हणाली, "मल्हारी, ही कुनाची लोकर रं?" मग तिनं काडीनं थोडं वेगळं करून, चिमटीत ताणून बघितलं. "लोकर न्हाय ही. लोकर कुजती. ही मातीत बी कुजायची न्हाय."

सरांनी त्यातला एक तुकडा धुतला आणि त्यावर उठावाची फुलं दिसली. आमच्याच पाकिटातली फुलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी तो तुकडा पिशवीतून आणून मालकांच्या टेबलावर ठेवला. मालकांचा चहा तसाच राहिला.

त्यानंतर सर हात धुऊन मागे लागले. रुमालांच्या कंपनीचा विक्री अधिकारी आला की ते त्याच्यासमोर जाऊन बसायचे. तो सुटाबुटातला तरुण वैतागून म्हणाला, "काका, बाळाच्या तोंडाला लावायची वस्तू आहे. तिच्यावर संडास दाखवायचा?"

"तोंडाला लावायचीय म्हनूनच दाखवा," सर म्हणाले. "हौदातलं पाणी बी बाळाच्याच तोंडाला लागतंय."

पटलं कुणालाच नाही. पण शेवटी झालं ते काटकसरीमुळे. परदेशी आणि देशी पाकिटाची दर्शनी बाजू सारखी ठेवली तर छपाईची सिलिंडरं एकदाच बनवावी लागणार होती. त्या ओघात खूण देशी पाकिटावरही आली. सरांना कारणाशी देणंघेणं नव्हतं. त्या दिवशी ते शहागंजातून गरम इमरती घेऊन आले, कँटीनमधल्या बायकांपासून वॉचमनपर्यंत सगळ्यांना वाटली, आणि मी पहिल्यांदाच त्यांचं वरचं बटण उघडं बघितलं. संध्याकाळी पहिलं पाकीट घेऊन ते आक्काकडे निघाले तेव्हा मलाही बरोबर घेतलं.

"आक्का, वाच," म्हणून त्यांनी पाकीट तिच्या हातात दिलं.

"मला कुटं वाचाय येतंय?"

"अक्षर नाय गं. चित्र बघ."

आक्कानं पाकीट उजेडाकडे धरलं. "मानूस हाय. हातात फडकं हाय. खुर्ची पुसायलाय." जरा थांबून म्हणाली, "वर काट मारलीया. म्हंजी ह्यानं खुर्ची पुसू नका." आणि मग भावाकडे बघून, "आपल्यात खुर्ची हायेच कुटं रं? मला कामून सांगायले?"

मी हसले. सरही हसले. शेजारची सुनीता काखेत पोर घेऊन आली होती, तिला त्यांनी तेच पाकीट दाखवलं. "खुर्चीच की," ती म्हणाली, "नाय तर गाडीची शीट." मग सर पुढच्या घरी गेले, त्याच्या पुढच्या घरी गेले. मी अंगणातून बघत होते. प्रत्येक दारातून परतताना त्यांची मान आणखी खाली जात होती. त्या गल्लीत सगळ्यांकडे उकिडवं बसायची भांडी. कमोड कुणी वापरलेला नव्हता. एकाही बाईनं त्या आकाराला संडास म्हटलं नाही.

परत येऊन ते हौदाच्या कडेला बसले. "ताई," ते मला म्हणाले, "मी हात ओले केले. साबण लावला. चष्मा काढला. समदं केलं. पण माझ्या फ्लॅटातल्या संडासात उभा राहून बघितलं."

आक्कानं त्यांच्यापुढे चहा ठेवला. तो त्यांनी प्यायलाच नाही.

आता खूण बदलायला हवी होती. सरांनी सांगितल्याप्रमाणे मी नवी काढून दिली: पाय ठेवायचे दोन पावठे, मधे भांडं, वर काट. गल्लीतल्या पोरांनीसुद्धा ती बघताक्षणी ओळखली. मालकांनी मात्र ती हातात न घेता सरांकडे बघितलं. "सोन्ने, ती खूण ठरलेली आहे. एका रेघेचा फरक केला तरी ती खूण राहत नाही. मला हे कुणी शिकवलं?" ते सरांनीच शिकवलं होतं. मराठीत एक ओळ तरी टाका, म्हणाले. त्यावर 'पुढच्या सिलिंडरला बघू' असं ठरलं. अजून आताचीच सिलिंडरं घासून संपायला किती काळ लागणार होता, ते आम्हाला ठाऊक होतं.

मग जो माणूस कुणाच्या घरी समजावायला जात नव्हता, तो दर सुट्टीला घरोघरी जाऊ लागला. बायका नीट ऐकून घ्यायच्या. असल्या पाणीटंचाईत त्यांना चहा करून द्यायच्या. आणि शेवटी विचारायच्या, "मग टाकू कुठं, भाऊ?" सरांनी गल्लीच्या तोंडाशी झाकणाचा एक पिंप आणून ठेवला. कुणीतरी तो घासूनपुसून पाणी साठवायला घरी नेला. सरांनी चौकशीसुद्धा केली नाही. त्या वर्षी झाकणाचा पिंप रस्त्यावर टिकावा, अशी अपेक्षाच चुकीची होती.

आक्कानं फ्लॅटात राहायला यावं म्हणून त्यांनी तिच्या विनवण्या केल्या. एकदा माझ्यासमोर तिचं गाठोडंही बांधायला घेतलं. आक्कानं ते शांतपणे सोडलं. "हयात गेली लोकाच्या रानात मेंढरं बसवन्यात," ती म्हणाली. "सकाळी मालक यायचा, ऊठ म्हनायचा. हे मपलं हाय. हितं कुनी ऊठ म्हनत न्हाय. आन आता तू म्हनतो व्हय?"

सरांनी पुन्हा विषय काढला नाही.

पाइप पुन्हा तुंबला तो टँकर येऊन गेल्यावर लगेचच. या वेळी घाण अंगणात वर आली नाही. आतल्या आत झिरपत भरलेल्या हौदात उतरली. पाण्याला वास होता, पण फार नव्हता. भरलेला हौद त्या दिवसांत ओतून देणं कुणाला शक्य होतं? आक्कानं पाणी जुन्या लुगड्याच्या चौघडीतून गाळलं आणि पीत राहिली. सुनीताच्या घरी द्यायचं मात्र बंद केलं. हौद तळाला लागलाय, असं तिला सांगितलं. भावाला यातलं काही कळू दिलं नाही. कळलं असतं तर त्यानं तिला उचलून नेलं असतं, हे तिला माहीत होतं.

उलट्या-जुलाबांनी ती अंगणात पडली, तेव्हा सुनीतानं कारखान्यात फोन केला. सर तसेच साबणाच्या हातांनी पळाले. दवाखान्यात मी दुसऱ्या दिवशी गेले. आक्का अंगानं निम्मी झाली होती. ती हळू आवाजात काहीतरी पुन्हा पुन्हा मागत होती, आणि सर नर्सच्या मागे फिरून तेच सांगत होते, "सिस्टर, तिची कॉट तेवढी भिंतीला लावा. नुसती भिंतीला लावा." त्या गर्दीत कॉट सरकवायला जागा नव्हती. शेवटी सर स्वतः उभे राहिले आणि तिचा हात आपल्या पाठीला टेकवून धरला. तिला झोप लागली. ती त्याच आठवड्यात गेली.

मला अजून राग येतो. कुणावर काढावा ते कळत नाही. मालकांवर काढावा तर त्यांनी नियमाबाहेर काही केलं नाही. बायकांवर काढावा तर त्यांच्याकडे दुसरी वाट नव्हती. सरांवर तर काढवतच नाही. मग तो तसाच राहतो, आणि दुकानात त्या माळा दिसल्या की मी तिथून काही न घेता निघते.

सर कामावर परत आले, पण चष्मा काढेनात. पिंपाजवळ जाईनात. समोर येईल ते पाकीट पुढे सरकवत. एकदा बाळाच्या गालावर भला मोठा शाईचा फराटा उमटलेली पाकिटं त्यांच्या टेबलावरून तशीच पुढे गेली. मशीनवरच्या पोरांनी ती बघितली आणि सरांना दिसणार नाही अशा बेतानं कोपऱ्यात बसून त्यांचे कान कापले. नंतर कधीतरी ते यायचेच थांबले.

बऱ्याच महिन्यांनी मी त्या गल्लीत गेले. आक्काच्या दाराला कुलूप होतं. गल्लीच्या तोंडाशी शकीलभाईंचं किराणा दुकान आहे, त्याच्या फळीवर सर बसलेले दिसले. शर्टाची वरची दोन बटणं उघडी, दाढी वाढलेली, पुढ्यात वाइप्सच्या पाकिटांची चळत, आणि हातात काळा मार्कर. एकेक पाकीट मांडीवर घेऊन ते त्या काट मारलेल्या खुर्चीशेजारी हातानं खूण काढत होते. दोन पावठे, मधे भांडं, वर काट. रेघा बाळाच्या कपाळापर्यंत जात होत्या.

"बसा, ताई," मला बघून ते म्हणाले. आणि त्यांनी पुढचं पाकीट मांडीवर घेतलं. शकीलभाई मला हळूच म्हणाले, "रोज आते. मैं ना नहीं बोलता. बैठने दो."

तेवढ्यात एक तरुण बाई घाईघाईनं आली. काखेतलं पोर रडत होतं. वाइप्स मागितले तशी शकीलभाईंनी सरांच्या चळतीतलं वरचं पाकीट तिच्या हातात दिलं. सर मार्कर खाली ठेवून तिच्याकडे बघत राहिले. तिनं पाकीट उलटंसुलटं केलं.

"हे कुणी रेघोट्या मारून खराब केलं? चांगलं द्या की, भाऊ."

शकीलभाईंनी सरांकडे बघितलं. सरांनी तोंड उघडलं होतं, मला वाटतं ते सांगणार होते. पण त्यांची नजर तिच्या दोन हातांवर गेली. एकात रडतं पोर, एकात पाकीट. त्यांनीच मागे वळून माळेतलं कोरं पाकीट तोडलं आणि तिला दिलं. ती गेली.

"बरोबर हाय तिचं," सर म्हणाले. "मी बी नसतं घेतलं."

मग त्यांनी तिनं परत केलेलं पाकीट उचललं, शकीलभाईंच्या गल्ल्याजवळची कात्री घेतली आणि त्याचा कान कापला.